सासूबाई एलईडी बल्ब लावू देत नाहीत. तुमच्या घरी लोक नेमके कशाने बदलले?

माणदेशची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण दोन वर्षं मी त्याच्यात अडकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात हडपसरला राहतो. सासर माण तालुक्यात, दहिवडीपासून आत दहा-बारा किलोमीटरवर. तिथे सासूबाई एकट्याच असतात, वय ७१. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो. घर जुनं, माळवदाचं. चार ठिकाणी साठ-साठचे पिवळे बल्ब. देवघरात लाल झिरोचा बल्ब, तो दिवाबत्तीच्या वेळी लागतो आणि सकाळी देवपूजा झाल्यावरच बंद होतो.

गेल्या वर्षी पाडव्याला मी ९ वॅटचे चार एलईडी नेले आणि स्टुलावर चढून स्वतः लावले. आत्या काही बोलल्या नाहीत. महिन्याने हे गावी गेले तर चारही बल्ब आपापल्या खोक्यात घालून, वरून फडकं बांधून कपाटात ठेवलेले, आणि होल्डरला परत पिवळे.

यंदा मी हिशेब घेऊन गेले. वहीत मांडून दाखवलं: ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा तेवढाच वेळ जळला तर १.३५ युनिट. आत्या चौथी शिकलेल्या, पण हिशेबाला माझ्यापेक्षा पक्क्या. डेअरीच्या दुधाचा आणि फॅटचा हिशेब तोंडी करतात. त्यांनी वही नीट बघितली, "बरोबर हाय" म्हणाल्या. आणि आम्ही पुण्याला आल्यावर बल्ब पुन्हा कपाटात!

म्हणजे हिशेब कळला नाही असं नाही. पैशाची फिकीर नाही असंही नाही, लाईट बिल आलं की युनिटचा आकडा त्या आधी बघतात. गेल्या बिलात १०४ युनिट होते तर "शंभराच्या वर गेलं गं" म्हणून फोन केला होता. शेजारच्या घरात आत्यांपेक्षा ओढाताण जास्त, तरी तिथे गोठ्यापर्यंत सगळीकडे एलईडी आहेत. आणि पुण्यातल्या माझ्या बहिणीने बिलाचा विचारही न करता, हॉलला नवीन सीलिंग केलं तेव्हा सगळे दिवे बदलून टाकले.

मग माणसं बदलतात ती कशाने? किंमत कमी झाली म्हणून, बिलाला घाबरून, सरकारी योजनेमुळे, की शेजाऱ्याचं बघून? तुमच्या घरी, तुमच्या आई-वडिलांकडे काय झालं ते सांगाल का? मला आत्यांवर काही लादायचं नाही. पण त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि संध्याकाळी त्या अंधुक उजेडात चुलीपुढे बसतात ते बघवत नाही.

भोसरी_खोली_नं_४

ताई, माझा अनुभव गावचा नाही, भाड्याच्या खोलीचा. एका चाळीत सहा खोल्या, मीटर एकच, मालकाच्या नावाचं. भाड्यात लाईटचे महिना ३०० रुपये धरलेले. तीन वर्षं राहिलो, सहा खोल्यांत एकानेही एलईडी घेतला नाही. बल्ब आपण आणायचा आणि वाचलेले पैसे मालकाचे, मग कोण आणणार? मालकही आणत नव्हते, कारण बल्ब फुटला किंवा खोली सोडताना कुणी काढून नेला तर नुकसान त्यांचं.

नंतर त्यांनी प्रत्येक खोलीला सबमीटर बसवलं. त्याच आठवड्यात मी दोन एलईडी आणले. समोरच्या वहिनींनी तर देवापुढचा बल्बसुद्धा बदलला. आमच्याकडे दुसरं काही बदललं नव्हतं, पगार तेच, बाजारातला भाव तोच. तुमच्या आत्यांचं बिल कोण भरतं? तुम्ही पुण्याहून ऑनलाइन भरत असाल तर तिथेही तेच, बल्ब त्यांनी बदलायचा आणि वाचलेले पैसे तुमचे.

फलटणचा_दुकानदार

ताई, माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं गिऱ्हाईक येतं. या एका वस्तूवर मी फार विचार केलाय, म्हणून मोठं लिहितोय.

आधी हिशेबाचं. २०१४ साली चांगल्या कंपनीचा ७ वॅटचा एलईडी चारशेच्या पुढे होता. तेव्हा मीही तुमच्यासारखा कागदावर मांडून दाखवायचो. साठचा काढून सातचा लावा, रोज पाच तास धरले तर महिन्याला आठ युनिट वाचतात, तेव्हाच्या दराने तीसेक रुपये. म्हणजे तेरा महिन्यांत पैसे वसूल. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, "आणि गेला तर?" मी सांगायचो, एक वर्षाची वॉरंटी आहे. ते मान हलवून साठचा पिवळा घेऊन जायचं, पंधरा रुपयांचा.

मला वाटायचं याला कळलंच नाही. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की त्याचा हिशेब माझ्यापेक्षा पुढे गेलेला असायचा. वॉरंटी बारा महिन्यांची आणि वसुली तेरा महिन्यांची. पिवळा गेला तर पंधरा रुपये गेले. हा गेला तर एक दिवसाची मजुरी गेली, आणि घरात बोलणी खायची ती वेगळीच.

मग उजाला योजना आली. ५ जानेवारी २०१५ ला ती देशभर जाहीर झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बांची एकत्र निविदा काढली, त्यामुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांच्या आसपास असलेला खरेदीचा भाव २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. पुढे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. लोक या भावाचीच गोष्ट सांगतात आणि ती खरीच आहे. भाव एवढ्या झपाट्याने उतरले की माझ्याकडचा जुना माल मी घाट्यात काढला. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर मला दुसऱ्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक म्हणजे हप्ता. हातात दहा रुपये द्यायचे आणि बाकीचे दहा-दहाने लाईट बिलातून जायचे. हप्ता दहाचा आणि बचत तीसची, दोन्ही एकाच कागदावर येणार! मी दुकानात जे पेन्सिलने लिहून पटवू शकलो नाही ते बिलानेच दाखवलं. दुसरी गोष्ट, तीन वर्षांची बदलून द्यायची हमी. "गेला तर?" या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं होतं.

आता तुमच्याकडे येतो. ताई, ते चार बल्ब तुम्ही पुण्याहून नेले. त्यातला एक गेला तर आत्यांनी कुणाकडे जायचं? पुण्याला फोन करायचा आणि सुनेला सांगायचं की तुझा बल्ब गेला? जुनी माणसं ते करणार नाहीत. त्यापेक्षा तो खोक्यात जपून ठेवतील. पुण्या-मुंबईहून मुलांनी आणलेले बल्ब कपाटात असलेली निदान दहा घरं मला माहीत आहेत. माझं सांगणं असं की पुढचा बल्ब दहिवडीच्या दुकानातून, आत्यांना सोबत नेऊन, त्यांच्याच हाताने घ्या. मी स्वतः बल्बच्या पांढऱ्या गळ्यावर मार्करने तारीख आणि दुकानाची खूण घालून देतो. परत आला तर खोकं-पावती मागत नाही, तारीख बघतो आणि माझ्या मालातून लगेच दुसरा देतो. कंपनीकडून माझे मी बघतो, त्याला कधी दोन महिने लागतात. हे सुरू केलं त्या वर्षापासून माझ्याकडे म्हातारी माणसं एलईडी न्यायला लागली.

दुसरं, उजेडाचा रंग. तुम्ही पांढरा नेला होता का? खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा. २७०० किंवा ३००० के म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बच्या जवळचा. आमच्याकडे तरुण पोरं पांढराच मागतात, ट्यूबसारखा लख्ख म्हणून. पण एक गोष्ट करून बघा. हलक्या प्रतीच्या पांढऱ्या एलईडीखाली कुंकवाची कोयरी धरा. कुंकू मळकट, विटकरी दिसतं. पिवळ्या बल्बखाली ते लालभडक दिसतं, कारण त्या उजेडात लाल रंग भरपूर असतो आणि स्वस्त एलईडीत तो फार कमी. देवघरात आणि स्वयंपाकघरात बायका "उजेड चांगला नाही" म्हणतात तेव्हा त्यांना वॅट कमी पडलेले नसतात, रंग चुकलेला असतो. मोतीबिंदूच्या डोळ्यांना उघडा पांढरा बल्ब टोचतो, तेही आहेच. बल्ब डोळ्यांसमोर न येता डोक्याच्या मागून-वरून उजेड पडेल असा होल्डर सरकवून घ्या.

देवघरातल्या झिरोकडे मात्र आधी बघा. त्याच्या नावात झिरो आहे, वीज तो १५ वॅटच्या आसपास खातो. पूर्वीच्या चकतीच्या मीटरला एवढासा भार धड कळायचा नाही, म्हणून ते नाव पडलं. इलेक्ट्रॉनिक मीटर प्रत्येक वॅट मोजतं. बारा तास जळला तर महिन्याला ५.४ युनिट. ताई, ९ वॅटचे चार एलईडी रोज पाच-पाच तास लावले तरी बरोबर तेवढीच वीज लागते. अर्ध्या वॅटचा लाल एलईडी झिरो मिळतो, तो रात्रभर लावला तरी महिन्याला पाव युनिट होत नाही. आत्यांचं बिल १०४ युनिट आहे, म्हणजे एवढ्या एका बदलानेही ते शंभराच्या आत येतं. शंभराच्या पुढच्या टप्प्याला दर जवळपास दुप्पट लागतो, तो त्या वरच्या चार युनिटांनाच, पण शंभराच्या आत राहिल्याचं समाधान म्हाताऱ्या माणसाला किती असतं ते मी काउंटरवर रोज बघतो.

शहरातलं वेगळं आहे. २००९ मध्ये बचत लॅम्प योजना आली होती, त्यात पिवळा बल्ब दिला की १५ रुपयांत सीएफएल, म्हणजे वळलेल्या नळीचा छोटा दिवा, मिळायचा. ज्यांच्याकडे १४ वॅटचे सीएफएल होते त्यांना ९ वॅटवर येऊन महिन्याला एक युनिटही वाचत नव्हतं. ती मंडळी बिलासाठी बदललीच नाहीत. सीएफएल उडाला, नवा घ्यायला आली, तोवर दोन्हींचा भाव एक झाला होता आणि एलईडी बटण दाबताच पूर्ण उजेड द्यायचा. घेऊन गेली.

गावाकडे सगळ्यात आधी एलईडी घेतले ते इन्व्हर्टरवाल्यांनी. भारनियमनाचे ते दिवस आठवा. चार साठचे बल्ब म्हणजे २४० वॅट, चार नवाचे म्हणजे ३६. दहावी-बारावीचं पोर ज्या घरात होतं तिथे बापाने चारशे रुपयेही मोजले, कारण बॅटरी पहाटेपर्यंत पुरायला हवी होती.

आणि सगळेच पिवळे काढू नका. माझ्याकडे आजही साठ आणि शंभरचे पिवळे खपतात, कोंबडीच्या पिल्लांसाठी. थंडीत डालग्यावर बल्ब टांगतात तो उबेसाठी. एलईडीने पिल्लं गारठतील.

घेताना बिनखोक्याचा, बाजारात चादरीवर मांडलेला घेऊ नका. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-ने सुरू होणारा नंबर बघा. चादरीवरचा बल्ब तीन महिन्यांत जातो आणि नाव सगळ्याच एलईडींचं खराब होतं.

वायरमन_बार्शी

दुकानदार काकांनी बल्बचं सांगितलं, मी भिंतीच्या आतलं सांगतो.

ताई, घर जुनं म्हणताय म्हणजे वायरिंग लाकडी पट्टीवरचं असणार. एलईडी लावल्यावर रात्री बटण बंद केलं तरी तो काजव्यासारखा मिणमिणतो का, हे आत्यांना विचारा. म्हातारी माणसं याला फार घाबरतात. "करंट उतरतोय" म्हणतात आणि कुणाला न सांगता बल्ब काढून ठेवतात. माझ्या कामात हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय.

तो मिणमिणतो कारण जुन्या कामात बऱ्याचदा बटण फेजवर, म्हणजे करंट येतो त्या वायरवर, न बसवता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, बसवलेलं असतं. बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज येऊन थांबलेला असतो. तिथून जो किंचितसा करंट झिरपतो त्याने पिवळ्या बल्बला काही होत नाही. एलईडीला तेवढाही पुरतो. म्हणजे दोष बल्बात नाही, तो जुना दोष दाखवतोय. आणि आत्यांची भीती खोटी नाही! असा होल्डर बटण बंद करून हात लावला तरी झटका देतो. टेस्टरने तपासा, बंद असताना होल्डरच्या पिनेवर दिवा लागला तर बोर्डात वायरची अदलाबदल करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. बटणात लाल इंडिकेटर असला तरी कधीकधी असंच होतं.

अजून एक. आमच्याकडे एका गल्लीत डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटला आणि काही घरांत व्होल्टेज साडेतीनशेच्या वर गेलं. एका रात्रीत अकरा घरांचे एलईडी गेले. दोन वर्षं ती गल्ली म्हणत होती, एलईडी आपल्याकडे टिकत नाही. मी दारोदार जाऊन सांगितलं, त्या रात्री एका घरातला टीव्हीही गेला होता, तर टीव्ही आपल्याकडे टिकत नाही असं कुणी म्हणालं का? मग एक-एक घर परत वळलं. जास्त व्होल्टेज आलं की आपणहून बंद होणारे बल्ब मिळतात, थोडे महाग असतात. डीपीच्या टोकाच्या घरांना मी तेच लावायला सांगतो.

काचेच्या बंद गोळ्यात एलईडी बसवू नका. हवा खेळत नाही, आतलं सर्किट तापतं आणि वर्षाच्या आत जातं.

शिक्षिका_नागपूर_ग्रामीण

आमच्या जिल्ह्यात २०२१ मध्ये ग्राम उजाला योजना आली होती. त्या वर्षी मार्चमध्ये बिहारमधल्या आरा इथून तिची सुरुवात झाली, आणि पहिल्या टप्प्यातल्या मोजक्या जिल्ह्यांत आमचं नागपूर होतं. दहा रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा एलईडी, तीन वर्षांची हमी, एका घराला जास्तीत जास्त पाच. अट एकच, चालू पिवळा बल्ब जमा करायचा. उरलेला खर्च कार्बन क्रेडिट विकून भरून काढायचा, अशी ती रचना होती.

त्या अटीत मला फार शहाणपण दिसलं. आमच्या घराजवळचे एक आजोबा धोतराच्या सोग्यात तीन बल्ब बांधून घेऊन आले. दोन दिले आणि तिसरा परत सोग्यात ठेवला. म्हणाले, "हा राहू द्या, नवीन गेला तं काय लावू?" तिथल्या मुलाने त्यांना हमीचा कागद पुन्हा एकदा वाचून दाखवला, सावकाश. तेव्हा कुठे तिसरा दिला. जुना बल्ब घरात राहिला की माणूस नव्याला पाहुण्यासारखं वागवतं, महिनाभर ठेवतं आणि पाठवून देतं. तुमच्या आत्यांकडे काढलेले पिवळे कुठे ठेवले होते? हाताशीच असणार.

पण ताई, तुम्ही मात्र ते काढून नेऊ नका. आजोबांनी ते आपल्या हाताने दिले होते. वाचून दाखवणारा पोरगा समोर उभा होता आणि नवीन बल्ब त्याच क्षणी हातात पडला होता. सुनेने पिवळे बल्ब उचलून नेले तर त्याचा अर्थ घरात वेगळा होईल.

माणदेशची_सून

उशिरा लिहितेय, माफ करा. मध्ये दोन महिने गेले. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, म्हणून झालं ते सगळं सांगते.

मी एकटीच गेले, चार दिवस राहिले. या वेळी वही नेली नाही. पहिल्या संध्याकाळी आत्यांशेजारी चुलीपुढे बसले आणि कपाटातला एक एलईडी त्यांच्याच परवानगीने लावला. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मला म्हणाल्या, "आता सांग, भाजली का?" मी बघितलं. खरंच कळेना. भाकरीवरचे डाग राखाडी दिसत होते, करपलेला कुठला आणि भाजलेला कुठला ते उमगत नव्हतं. पिवळा लावला तर तेच डाग तपकिरी, एकेक वेगळा. काका, तुम्ही कुंकू म्हणालात, आत्यांची भाकरी होती. खोक्यावर बघितलं तर ६५०० के. माझ्या हडपसरच्या स्वयंपाकघरात मी तोच लावलाय आणि मला कधी जाणवलं नाही, कारण मी गॅसवर फुलके करते आणि ते फुगले की झालं.

रात्री माजघरात लावला आणि बटण बंद केलं. बार्शीचे दादा, मिणमिणत होता. आत्या उशीवरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यो बघ. असाच जळत ऱ्हातो. वर माळवदाला सगळी लाकडं हायती गं." वर्षभर ही बाई या भीतीने बल्ब काढून ठेवत होती आणि मी तिला युनिट मोजून दाखवत होते. मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनला बोलावलं. चारपैकी दोन बटणं न्यूट्रलवर निघाली, त्याने अदलाबदल करून दिली. आत्यांनी स्वतः त्याच्या हातातला टेस्टर घेऊन होल्डरला लावून बघितला, दोनदा.

तिसऱ्या दिवशी दहिवडीला गेलो. दुकानदार आधी तारीख लिहून द्यायला तयार नव्हता, "कंपनीची वॉरंटी आहे की" म्हणाला. आत्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "कंपनी कुठं ऱ्हाती मला म्हाईत न्हाई. तू हितं ऱ्हातोस." त्याने पेन काढलं. ३००० के चे ९ वॅटचे दोन आणि देवघराला लाल अर्ध्या वॅटचा घेतला. स्वयंपाकघराचा होल्डर आता आत्यांच्या उजव्या खांद्यामागे आहे, समोर बघितलं की डोळ्यात काही येत नाही. गोठ्यातला पिवळा तसाच ठेवलाय, शेळी व्यायला झालीय आणि करडांना ऊब लागेल म्हणाल्या. ओसरीवर मात्र माझ्या त्या पांढऱ्यातला एक स्वतःहून लावला, तिथे फक्त वाट दिसायला हवी म्हणून.

भोसरीच्या दादांचंही खरं निघालं. बिल आमचे हे पुण्याहून भरत होते. आता पैसे आम्ही आत्यांना देतो आणि बिल त्या दहिवडीला स्वतः भरतात. परवाचं बिल ८८ युनिट आलं. फोनवर आकडा सांगताना आवाज वेगळा होता.

आणि एक विचारायचं राहिलं. शेजारच्या जाऊबाई, ज्यांच्याकडे आधीपासून सगळे पांढरे आहेत, त्या स्वयंपाकघरातला उजेड बघून गेल्या आणि आता त्यांनाही "भाकरीचा बल्ब" हवाय. दहिवडीत पिवळसर संपलेत. काका, आत्या पुढच्या आठवड्यात फलटणला येणार आहेत. त्यांनी मला तुम्हाला एवढंच विचारायला सांगितलंय की तारीख तुम्ही लिहून देता ना, आणि रविवारी दुकान उघडं असतं का.

फलटणचा_दुकानदार

रविवारी बाजार असतो, सकाळी नऊपासून उघडं. ३००० के चे सहा बाजूला काढून ठेवलेत. आत्यांना सांगा, भाकरीचा बल्ब म्हणून मागा, पोराला सांगून ठेवतो.